‘ह्यांचा कुत्रा’: एका घरातल्या शोकाची नोंद

फोन मुलीचा होता. “आईला जरा समजवा. तो कुत्रा कुणाला तरी देऊन टाकायला हवा. तिचं तिला होत नाही, त्याचं कुठून करणार?” समुपदेशनासाठी येणारी घरं नाना तऱ्हेच्या अपेक्षा घेऊन येतात, पण कुत्रा ठेवायचा की नाही हे तुम्हीच ठरवून द्या, असं मला पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. पुढचे अकरा महिने मी या प्रकरणात होते. ज्यांचं हे आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ताई म्हणत असे, इथेही तसंच म्हणते.

ताई ६१ वर्षांच्या. यजमान हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. मुलगी दुसऱ्या गावी. घरात ताई आणि भुऱ्या. भुऱ्या सहा वर्षांचा, अंगाने दणकट, कुठल्याच एका जातीचा नाही. तो यजमानांनी आणलेला, त्यांनीच वाढवलेला. ताईंनी सहा वर्षांत त्याला अंघोळ घातली नव्हती की फिरायला नेलं नव्हतं. पहिल्या सत्रात त्यांनी त्याचं नावही घेतलं नाही. “ह्यांचा कुत्रा” एवढंच म्हणायच्या.

त्यांना सर्वांत जास्त त्रास संध्याकाळचा होता. साडेसहाच्या सुमाराला यजमान घरी यायचे. भुऱ्या अजूनही त्या वेळेला दारापाशी जाऊन बसे. कान उभे, नजर दाराच्या फटीकडे. बाहेर कुणाची गाडी थांबली की उठून शेपटी हलवी, मग पुन्हा बसे. आठ-सव्वाआठला उठून आत येई. ताई सांगत होत्या, “मी एकदा त्याला मागच्या खोलीत कोंडलं. बघवेना मला. तर तो आतून दार खरवडत राहिला. मग मीच उघडलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघं दाराकडे बघत.” हे सांगताना त्या रडल्या नाहीत. आवाज सपाट होता, आणि मला त्या सपाटपणाची जास्त काळजी वाटली.

नैराश्य मोजायला आम्ही पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ताईंचे १७ आले. १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र. पहाटे तीनला जाग, दिवसातून एकदाच जेवण, कुणाचा फोन घ्यायचा नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्यांनी ‘काही दिवस’ वर खूण केली होती. असं उत्तर आलं की मी थेट विचारते, आडवळणाने नाही. काही ठरवलं होतं का? नाही. मग स्वतःहून म्हणाल्या, “वाटतं कधी कधी, सकाळी उठूच नये. पण उठावंच लागतं. त्याला बाहेर न्यायचं असतं, नाहीतर घरात करून ठेवतो.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. तरीही त्याच आठवड्यात त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. माणसाला जगण्याशी बांधून ठेवणारं काही सापडलं तर बरंच असतं, पण एका प्राण्याच्या भरवशावर कुणाचा जीव सोडून देता येत नाही. डॉक्टरांनी नैराश्यावरची औषधं सुरू केली. म्हणजे पुढे जी सुधारणा झाली तिच्यात गोळ्या, सत्रं, उलटत गेलेला काळ आणि कुत्रा, असं चौघांचं काम होतं. कुणाचा वाटा किती, हे एका प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक कोरा तक्ता दिला. सकाळपासून रात्रीपर्यंत एकेका तासाची रांग, आणि त्या तासात काय केलं ते लिहायचं. सात दिवसांनी तक्ता परत आला, जवळजवळ रिकामा. सगळ्या आठवड्यात मिळून चौदा नोंदी होत्या. त्यातल्या तेरा भुऱ्याच्या: सकाळी सहाला बाहेर, संध्याकाळी सातला बाहेर (एक दिवस पाऊस होता म्हणून तेरा). चौदावी नोंद होती ‘बँक’.

मुलीच्या फोनचं उत्तर मला त्या तक्त्यात मिळालं. ज्या एका गोष्टीमुळे ताई दिवसातून दोनदा चपला घालत होत्या, तीच घरातून काढून टाकायची का? नैराश्यात आपण समजतो की आधी बरं वाटेल, मग माणूस हालचाल करेल. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं होतं. आधी हालचाल, मग मागून मन. मानसशास्त्रात याला वर्तन-सक्रियता म्हणतात. पीटर लेविनसन यांनी १९७०च्या दशकात ही मांडणी केली. पुढे १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नैराश्याच्या उपचारातला फक्त हा हालचालीचा भाग दिला, तरी विचार बदलण्याचं काम जोडलेल्या पूर्ण उपचाराइतकाच गुण येतो. अवघड जागा एकच असते: ज्याला काहीच करावंसं वाटत नाही त्याच्याकडून पहिलं पाऊल उचलवून घ्यायचं कसं? मी सांगितलेलं काम टाळता येतं. सकाळी सहाला पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून तोंडाकडे बघत बसलेला कुत्रा टाळता येत नाही.

म्हणून आम्ही नवीन काहीच सुरू केलं नाही. आधीच होत असलेल्या दोन फेऱ्या थोड्या लांबवल्या, एवढंच. सकाळची फेरी दहा मिनिटांवरून वीसवर. परत आल्यावर त्याचं खाणं, आणि त्याच वेळेला ताईंचंही. “तो जेवल्याशिवाय तुम्ही उठायचं नाही, तुम्ही जेवल्याशिवाय तो उठणार नाही,” असं मी म्हटलं आणि ते लागू पडलं, कारण भुऱ्या खरोखरच तोपर्यंत हलत नसे.

दुसऱ्या महिन्यात ताई पडल्या. समोरून दुसरा कुत्रा आला, भुऱ्याने हिसका दिला, आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली. मनगट सुजलं. हाड मोडलं नाही ते नशीब. ‘कुत्रा पाळा, मन रमेल’ असं सहज म्हणणारे लोक ही बाजू सांगत नाहीत. अमेरिकेत ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांना कुत्रा फिरवताना झालेले अस्थिभंग २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त वाढले, आणि जखमींत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मुलीचा पुन्हा फोन आला, आता तर द्याच म्हणून. तिची भीती रास्त होती. आम्ही गळपट्ट्याऐवजी छातीला पुढून अडकणारा पट्टा आणला, दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही असं ठरवलं, आणि प्राण्यांना शिकवणाऱ्या एका बाईंकडून ताईंनी तीन आठवडे धडे घेतले. चालता चालता थांबायचं, त्याने मागे वळून बघितलं की लगेच शाबासकी. तिसऱ्या आठवड्यात ताई सत्राला आल्या तेव्हा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, “आज त्याने समोर मांजर असून माझ्याकडे बघितलं.” यजमान गेल्यापासून त्यांच्या तोंडून स्वतःच्या कर्तबगारीचं आलेलं ते पहिलं वाक्य असावं. आणि ‘ह्यांचा कुत्रा’ हा शब्दही त्या दिवशी आला नाही. भुऱ्या म्हणाल्या.

फिरण्यातून आणखी एक गोष्ट झाली. ती मी योजली नव्हती. यजमान गेल्यापासून ओळखीचे लोक ताईंना टाळत होते. दुष्टपणाने नाही. काय बोलावं हे कळत नाही म्हणून माणसं रस्ता बदलतात. आता तेच लोक थांबू लागले, कारण बोलायला भुऱ्या होता. “काय रे, बारीक झालास?” असं कुत्र्याला विचारायचं आणि उत्तर ताईंनी द्यायचं. दोन माणसांच्या मध्ये तिसरा कुणी असला की दुःखाच्या आसपास वावरणं सोपं जातं. ब्रिटनमध्ये जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २००० साली हेच नोंदवलं होतं: तोच माणूस, तोच रस्ता, पण सोबत कुत्रा असला की बोलायला येणाऱ्यांची संख्या कितीतरी वाढते. शोक करणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. रोज चार वेळा कुणीतरी तुम्हाला पाहिलं, नाव घेतलं, हा फार मोठा आधार असतो.

सहाव्या आठवड्यात गुण १२ झाले, पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला ७. झोप सुधारली होती. नवव्या प्रश्नावर शून्य. मुलगी आता अगदी दुसऱ्या टोकाला गेली होती. तिच्या एका मैत्रिणीच्या वडिलांना एकटेपणा होता, त्यांना पिल्लू आणून द्यायचं तिने जवळजवळ ठरवलंच होतं. मला विचारत होती, संशोधन याच्या बाजूने आहे ना?

मी तिला जे सांगितलं ते इथे थोडक्यात मांडते. बाजूने बरंच काही आहे. बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६२ साली लिहिलं की न बोलणारी मुलं लेविन्सन यांच्या कुत्र्याच्या सोबतीत खुलतात. तिथून या विषयाला वैद्यकात पाया मिळाला. १९८० साली एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास केला. वर्षभरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ पैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. स्वीडनमध्ये सुमारे ३४ लाख लोकांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ साली दिसलं की मृत्यूचं प्रमाण कुत्रा पाळणाऱ्यांत कमी आहे, आणि एकट्या राहणाऱ्यांत हा फरक जास्त ठळक आहे. जपानमधल्या २०१५च्या प्रयोगात कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं असं आढळलं. हेच संप्रेरक आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करतं.

पण यातले मोठे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. ज्याचे पाय धड आहेत, घर आहे, हाताशी पैसा आहे, तोच बहुधा कुत्रा पाळतो. मग तो जास्त जगला तर कुत्र्यामुळे की पायांमुळे? मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्झोग यांनी हे वारंवार लक्षात आणून दिलं आहे: प्राणी पाळल्याने नैराश्य कमी होतं असं सांगणारे अभ्यास आहेत, तसेच काहीच फरक पडत नाही असं सांगणारेही आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली कुत्र्याची सोबत हृदयाला उपकारक असू शकते असं मान्य केलं आणि त्याच निवेदनात बजावलं की केवळ त्या हेतूने प्राणी आणू नये. माझं स्वतःचं मत याहून कडक आहे. खचलेल्या माणसाला न विचारता पिल्लू आणून देऊ नये. पिल्लू रात्री रडतं, घरभर घाण करतं, दिसेल ते चावतं, आणि आधीच झोप नसलेल्या माणसाची उरलीसुरली झोप नेतं. ताईंना लाभलेला कुत्रा सहा वर्षांचा होता, शिकलेला, घरात मुरलेला, आणि त्यांच्याच दुःखातला. त्या मैत्रिणीच्या वडिलांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

इथवर हे प्रकरण सरळ आहे, आणि मीही ते सरळच समजत होते. सत्रं कमी करायचं मी वहीत लिहून ठेवलं होतं. मग बोलता बोलता ताई म्हणाल्या की बहिणीचं मोठं ऑपरेशन झालं, पण त्या गेल्या नाहीत. “भुऱ्याला कोण बघणार?”

मी मागच्या तीन महिन्यांत आणखी कुठे जाणं राहिलं ते विचारलं. मुलीकडे जाणं दोनदा रद्द. गाण्याच्या वर्गाला पुन्हा जायचं ठरलं होतं, पहिल्या दिवशी अर्ध्या रस्त्यातून परत. स्वतःच्या डोळ्यांची तपासणी पुढे ढकललेली. प्रत्येक वेळी कारण एकच. सत्रं सोडली तर गेल्या तीन महिन्यांत त्या घराबाहेर सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त राहिल्या नव्हत्या, आणि बाहेर होत्या तेव्हाही बहुतेक वेळा भुऱ्या सोबत होता. माझ्या हातातला ७ हा आकडा खोटा नव्हता. त्यांना खरंच बरं वाटत होतं. पण पीएचक्यू-९ झोप, भूक, उदासी विचारतं. तुमचं जग केवढं उरलं आहे, हे विचारत नाही. तो प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि गुण खाली येताहेत या समाधानात मी तो तीन महिने विचारला नाही. ज्या कुत्र्याने त्यांना दाराबाहेर काढलं, त्याच कुत्र्याच्या आडोशाने त्या आता दाराच्या आत थांबल्या होत्या.

ते कारण बनावटही नव्हतं, त्यामुळे गुंता मोठा होता. भुऱ्या एकटा राहिला की खरोखर आकांत करायचा. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि ताईंनी फोनवर चित्रण केलं तेव्हा आम्ही पाहिलं: दार लागल्यापासून दुसऱ्या मिनिटाला येरझाऱ्या, चौथ्या मिनिटाला विव्हळणं, मग दारावर पंजे. एक माणूस अचानक गेला आणि परत आलाच नाही, त्यानंतर दुसरं माणूस जवळजवळ वर्षभर फारसं नजरेआड झालंच नाही. एकटं राहणं तो विसरला होता. कुत्रे आपला ताण उचलतात, याला आधार आहे. स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं, तर दीर्घकाळच्या ताणाची पातळी दोघांत जुळलेली निघाली. ताई त्याच्यासाठी थांबत होत्या आणि त्यांच्या थांबण्यानेच त्याची भीती घट्ट होत होती. ताईंचंही तेच होतं. बाहेरचं जग जितकं टाळावं तितकं ते भीतीदायक वाटतं.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याला दुसऱ्याची सवय लागली तर?” मी विचारलं, लागली तर काय होईल? “मग मी कशाला आहे?” आणि पुढे, अगदी हळू: “तो ह्यांच्या हातचा आहे. घरात तेवढंच एक हलतं-चालतं उरलंय त्यांचं.”

पाच महिन्यांत आम्ही यजमानांबद्दल खूप बोललो होतो. पण शोक नेमका कुठे जाऊन बसला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचं काम दोघांचं मिळून झालं, एकाच वहीत. डाव्या पानावर भुऱ्या, उजव्या पानावर ताई. आधी पशुवैद्यांकडून तपासणी, दुखण्यामुळे तो असं करत नाही ना याची खात्री. मग किल्ल्या हातात घ्यायच्या आणि पुन्हा खाली ठेवून बसायचं, दिवसातून दहा वेळा, किल्ल्यांच्या आवाजातली भीती जाईपर्यंत. मग दाराबाहेर दहा सेकंद. मग मिनिट. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. रडायला लागल्यावर आलं तर रडल्याने माणूस परत येतं हेच तो शिकतो. रागावायचं अजिबात नाही, भीतीला ओरडा दिला की भीती वाढते. उजव्या पानावर ताईंची उतरंड: दहा मिनिटं एकट्याने कोपऱ्यापर्यंत, अर्धा तास, डोळ्यांचे डॉक्टर, गाण्याचा वर्ग. शेजारच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी भुऱ्याला फिरवू लागला. या काळात ताईंचे गुण ७ वरून १० वर गेले. मुलगी घाबरली. मला ती वाढ अपेक्षित होती. टाळलेल्या गोष्टीला भिडताना आधी त्रास होतोच. सहा आठवड्यांत ते पुन्हा ६ वर आले.

दोन गोष्टी आम्ही बोलून लिहून ठेवल्या. ताई आजारी पडल्या तर भुऱ्याला कोण घेईल, आणि भुऱ्या गेला तर काय. त्याच्या चणीचा कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. तो आता सातवं वर्ष ओलांडत होता. केनेथ डोका यांनी १९८९ साली ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही त्याला वेगळं नाव दिलं, आणि पाळीव प्राण्याचं जाणं त्यातच मोडतं. ताईंच्या बाबतीत ते नवऱ्याचं दुसऱ्यांदा जाणंही असेल. हे आधी बोलून ठेवणं त्यांना जड गेलं. मला आवश्यक वाटलं.

दहाव्या महिन्यात ताई बहिणीकडे दोन रात्री राहून आल्या. भुऱ्या शेजाऱ्यांकडे होता. परतल्यावर त्याने त्यांच्या चपला, पिशवी, साडीचा काठ, सगळं सावकाश हुंगलं, आणि मग पायावर डोकं टेकवून पडून राहिला. साडेसहाला उठून दारापाशी गेला, थोडं बसला आणि परत आला.

पुढच्या सत्रात मी विचारलं, कसं गेलं? बहीण बरी आहे, म्हणाल्या. खूप बोललो आम्ही, झोपही लागली. मग जरा थांबून, थोडं दुखावून: “तो माझ्याशिवाय दोन्ही वेळा पोटभर जेवला म्हणे.”